फेरतपासणी

"मशीन कुठे गेलं?" संस्थेतून घर तपासायला आलेल्या बाईंनी दारातूनच विचारलं.

मशीन नव्हतंच. ते ज्या बोल्टांवर उभं होतं ते लेथवर लोखंड कातणाऱ्या टर्नरने कापून, घासून जमिनीला सपाट केले होते, पोरीला ठेच लागू नये म्हणून. तेलाने काळवंडलेला चौकोन मात्र त्याच्या बायकोने कितीही घासला तरी निघाला नव्हता. त्या चौकोनाभोवती पोरगी गोल गोल पळत होती. वय पाच. संस्थेत तिला सगळे भिंगरीच म्हणायचे. आज बाई तिला भेटीसाठी सोबत घेऊन आल्या होत्या. सगळं ठीक निघालं तर पुढच्या आठवड्यात ती दत्तक म्हणून कायमची इथे येणार होती.

"विकलं, मॅडम," टर्नर हसत म्हणाला. शाबासकी मिळेल अशीच त्याची समजूत होती.

"लेथ विकला?"

"पैशांची सोय करायची होती ना. आणि खोलीही मोकळी झाली. हिला खेळायला."

बाईंनी खुर्चीवर बसत फाईल उघडली. बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर भांडायला तरी सोपं गेलं असतं.

"मागच्या अहवालात मी लिहिलंय, स्वतःचा लेथ, स्वतःचा धंदा. त्यावरच तर तुम्ही पात्र ठरलात. आता कमाई कशातून?"

"ज्याला विकला त्याच्याकडेच जातो, रोजावर. त्याच मशीनवर."

"म्हणजे कायमची नोकरी नाही."

"काम तेच आहे, मॅडम. हातही तेच आहेत."

"रोजंदारी निकषात बसत नाही हो."

बायको इतका वेळ बाईंसाठी आणलेला चहा हातात धरून उभी होती. तिने तो खिडकीत आदळला. निम्मा बशीत सांडला.

"का विकला ते विचारा की! अहो, तुम्ही थांबा, मला बोलू द्या. नोंदणीची फी भरली. घर तपासायची भरली. वकिलाला दिले, कोर्टात भरले. आमचं रक्त तपासलं, डोकं ठिकाणावर आहे का तेही तपासलं, त्याचेही पैसे आम्हीच दिले. माझं सोनं त्यातच गेलं. गेलं तर गेलं. मग तुमचं पत्र आलं, वर्षभर पुरेल एवढी शिल्लक खात्यात दाखवा. घरात विकण्यासारखं उरलं होतं काय? मशीन आणि हे. ह्यांना कोण घेतंय?"

टर्नर खाली बघून हसला. बाई हसल्या नाहीत.

"शिल्लक आहे, ती मी पाहिली. पण कमाईचं साधनही लागतं, ताई."

"म्हणजे मशीन ठेवलं तर शिल्लक नाही, आणि शिल्लक ठेवली तर मशीन नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!"

"विकण्याआधी मला विचारायचं होतंत."

"विचारलं होतं. तुमच्या ऑफिसात फोन केला होता मी. पैसे कुठून आणायचे तो तुमचा प्रश्न, म्हणाले." तिने छताकडे बोट दाखवलं. "वरच्या घरात चौथं पोर झालं. बाप दिवसभर पत्ते कुटतो. त्याची कमाई बघायला आलं का कोणी?"

"अगं, हळू," टर्नर म्हणाला. बायकोच्या तोंडामुळे होणारं काम बिघडेल, ही त्याला धास्ती. गिऱ्हाइकापुढे नमतं घेण्यातच त्याचा जन्म गेला होता. "मॅडम, मशीन परत आणलं तर? हातापाया पडतो त्याच्या. देईल तो."

"मग शिल्लक कमी पडेल," बाई बोलून गेल्या आणि स्वतःच ओशाळल्या. त्यांनी फाईल मिटली. "हे बघा, मी एवढंच करू शकते. फेरतपासणीसाठी अर्ज करा. तिची फी वेगळी भरावी लागेल. तोवर ही आमच्याकडेच राहील. आणि आधीच सांगून ठेवते, मधल्या काळात दुसरं कोणी पात्र कुटुंब आलं, तर माझ्या हातात काही नाही."

"पात्र म्हणजे पैसेवालं. सरळ म्हणा ना!" बायकोचा आवाज संतापाने चिरकला. "पोरं विकत नाही म्हणायचं, आणि ज्याच्या खिशात दम त्यालाच द्यायची."

पळणाऱ्या पावलांचा आवाज थांबला होता. फेरतपासणी म्हटलेलं भिंगरीने ऐकलं होतं. ती भिंतीपाशी गेली, संस्थेत तपासणीला उंची मोजताना उभं करतात तशा टाचा भिंतीला टेकवल्या आणि मान ताठ केली. मग दोन्ही हात पुढे करून नखं दाखवली, आणि बाईंकडे बघत मोठा आ वासला. तिला कोणीही काही सांगितलं नव्हतं.

"मिट गं तोंड, बाळा," बायको म्हणाली. "तुझी नाही, आमची आहे तपासणी."

पोरीने तोंड मिटलं नाही. बाई सांगेपर्यंत मिटायचं नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

टर्नरने बाईंच्या मांडीवरचं पेन उचललं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"लिहा," पोरीकडे बोट करून तो ओरडला. त्याचा एवढा आवाज बायकोनेही कधी ऐकला नव्हता. "मशीन नाही ते लिहिणार ना? मग हेही लिहा!"

बाईंनी पेन घेतलं नाही. पोरगी अजून आ वासून उभी होती.