पाठमोरी

मैदानावर सगळे बसवेशकडे तोंड करून बसले होते. त्याची आई गंगासागर तेवढी खुर्ची उलटी फिरवून रस्त्याकडे बघत होती.

दोनदा देशात पहिला आलेला बसवेश आज बीडमध्ये, आपल्या माणसांसमोर, शेवटचा भाला फेकणार होता. डाव्या गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी आता पुरे म्हणून सांगितलं होतं. आईनं आजवर त्याची एकही फेक पाहिली नव्हती. लेकराला पहिली दृष्ट आईचीच लागते, असं ती मानायची. टीव्हीवर त्याचं नाव आलं की आपल्या दुकानातल्या गिऱ्हाइकांना समोर बसवायची आणि स्वतः आतल्या खोलीत जाऊन शेंगा फोडायची. गिऱ्हाइकं ओरडली की बाहेर यायची.

"काकू, आता तरी फिरा की," इरशाद म्हणाला. बसवेशचा हा शाळेपासूनचा दोस्त गॅरेज बंद करून आला होता. "रिटायर होऊ लागला त्यो."

"झाला का? अजून एक राहिलाय न्हवं?"

तेवढ्यात बसवेशच भाला घेऊन तिच्यासमोर आला.

"आये, एवढी एक बघ. साऱ्या दुनियेनं बघितलं, तू तेवढी राहिलीस. आता दृष्ट लागून माझं काय जायचंय?"

"गुडघा जाईल."

"जाऊ दे. तू बघत नसशील तर मी बी फेकीत न्हाई." त्यानं भाला मातीत रोवला.

माईकवाल्यानं दोनदा नाव पुकारलं. बसवेश हलला नाही. गंगासागरनं उठून पदर सावरला आणि खुर्ची फिरवली.

बसवेश भाला उपसून धावला. डावा पाय रोवला, अंग ताणलं, भाला सुटला. सगळ्यांच्या माना वर झाल्या आणि भाल्यापाठोपाठ वळत गेल्या. टाळ्या थांबेनात.

तो लंगडत आईजवळ आला, खाली बसला आणि बुटाची नाडी सोडू लागला.

"बघितलंस?"

"बघितलं की."

"कसा गेला?"

"कोन?"

"भाला, आये!"

"त्यो कवा बघू? मी तुझा पाय बघत व्हते. लई जोरात आपटलास. पण पडला न्हाईस." तिनं पदरानं डोळे पुसले. "आता एकदा हळू टाक. भाला बघते."

इरशाद हसत हसत भाला आणायला पळाला. बसवेशनं सुटलेली नाडी पुन्हा बांधायला घेतली.