चार बोटांचं पातं

"चार बोटांच्या वर पातं गेलं तर चाकू चौकीत जाईल," खिडकीवालीने वायरमनला बजावलं आणि त्याचा चाकू उघडून टेबलावरच्या लाल रेघेशी धरला. बसला कसाबसा. तिने चाकू मिटून चिठ्ठी बांधली आणि बिल्ला पुढे सरकवला. "चला, पुढचे."

पुढे गुरुवारवाले काका उभे होते.

कोर्टाच्या दारातच ही खिडकी होती. चाकू घेऊन आत जायला मनाई, आणि खिशात घडीचा चाकू नसलेला कारागीर त्या गावात शोधून सापडला नसता. त्यामुळे सुतार, माळी, चांभार, सगळे आधी इथे रांग लावत. प्रत्येक चाकू उघडायचा, मोजायचा, मिटायचा, खणात टाकायचा. दिवसाला साठ-सत्तर चाकू उघडून खिडकीवालीच्या नखांची पार वाट लागली होती.

हे सगळं ती डाव्या हाताने करी. त्या हातावर शाळेत पुष्कळ पट्ट्या बसल्या होत्या, पण घरी आई कौतुकाने 'डावुली' म्हणायची. आई गेली आणि तशी हाक मारणारं कोणी उरलं नाही. आता कोणी मॅडम म्हणे, कोणी ताई. काका तर कधी काहीच हाक मारत नसत. एखाद्या संध्याकाळी एकटीचा चहा गाळताना ती जुनी हाक तिला इतकी हवीशी वाटे की डोळे भरून येत.

काकांचा चाकू तिच्या खास आवडीचा. शिंगाची मूठ, पितळेचे खिळे, आणि उघडायला अगदी हलका. एकदा मिशीवाला शिपाई तिच्या जागी बसला होता. त्याचं नख मोडलं, पण पातं काही हललं नाही.

"याला नख लावायला खाचच नाही!" तो वैतागला.

"आहे की, उलट्या बाजूला," तिने चाकू ओढून घेतला आणि खट्‌कन उघडला. "नुसत्या मिशा वाढवून काय होतंय?"

त्या दिवशी काका मनापासून हसले होते.

हा चाकू त्यांनी स्वतः घडवला होता, मुलीसाठी. मुलगी इथेच नोकरीला आहे, असं ते म्हणाले होते. ती चार वर्षांची असताना ते घर सोडून गेले, ते आत्ता परतले. तिने हा चाकू घ्यावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

"इतक्या वर्षांनी उगवलात होय?" हे ऐकून खिडकीवाली पहिल्याच गुरुवारी फटकन बोलून गेली होती. "मी तिच्या जागी असते ना, तर तोंडावर दार लावलं असतं."

काकांनी बिल्ला उचलला. मग "बरोबर आहे" म्हणाले आणि बिल्ला खिशात टाकून आत गेले. नंतर तिला स्वतःच्या जिभेचा राग आला. पण काका पुढच्या गुरुवारी पुन्हा आले, आणि मग येतच राहिले. चाकू ठेवायचा, आत जायचं, अर्ध्या तासाने परत न्यायचा.

"भेटली?" ती विचारी.

"भेटली."

"बोलली?"

"बोलली थोडं. कामात असते."

"आणि चाकू?"

"ते धाडस नाही झालं."

"होणार कसं? चाकू माझ्या खणात आणि तुम्ही आत. देणार काय, कप्पाळ?"

आज मात्र गप्पांना वेळ नव्हता. खिडकीचा शेवटचा दिवस होता. उद्यापासून दारात मशीन बसणार होतं आणि चाकूवाल्यांना सरळ परत पाठवणार होते.

"मग तुम्ही?" काकांनी विचारलं.

"मी पलीकडच्या इमारतीत. जुने कागद लावायला."

"तिथे बाहेरच्या माणसाला येता येतं?"

"छे, चिटपाखरूही नाही सोडत."

काकांचा चेहरा उतरला. तिलाही चुटपुट लागली. गुरुवारची तिला सवय झाली होती.

"काका, आज सोक्षमोक्ष लावाच," ती म्हणाली. "तेव्हा मी काहीबाही बोलले. खरं सांगू? मी तिच्या जागी असते तर घेतला असता चाकू."

"खरंच?"

"अगदी खरं. भांडले असते, रडले असते, पण घेतला असता. तुम्हाला जमत नसेल तर मी पोचवते. तिचं नाव लिहा."

चाकू दुसऱ्या कोणाला द्यायचा असेल तर चिठ्ठीच्या मागे त्याचं नाव लिहायची पद्धत होती. काकांची चिठ्ठी आजवर मागून कोरीच राहिली होती. त्यांनी पेन घेतलं. लिहायला इतका वेळ लावला की रांगेतला माळी कुरकुरला. मग चिठ्ठीची घडी घालून त्यांनी ती स्वतःच मुठीला गाठ मारून बांधली.

"एकदा उघडून दाखवता?"

"आत्ताच तर मोजला, काका!"

"तरी पण."

तिने उघडला. काका बघत राहिले, पात्याकडे कमी आणि तिच्या बोटांकडे जास्त. मग बिल्ला घेऊन ते बाजूला झाले आणि माळी पुढे सरकला.

पाच वाजता खणात तो एकच चाकू उरला होता. बिल्ला खिडकीच्या फळीवर पडला होता. कधी ठेवला, तिला कळलंही नव्हतं. चाकू घेऊन ती आतल्या दाराशी गेली.

"गुरुवारवाल्या काकांची मुलगी कुठल्या मजल्यावर बसते रे?"

"मुलगी?" मिशीवाल्याने डोकं खाजवलं. "ते कधी वर गेलेलेच नाहीत. त्या खांबाआडच्या बाकावर बसतात अर्धा तास, आणि परत तुझ्याकडेच येतात."

"भलतंच काय? मला नाव लिहून दिलंय त्यांनी."

तिने गाठ सोडली आणि चिठ्ठीची घडी उलगडली. मागे एकच शब्द होता: डावुली.