आखूड आणि लांब

"लिव्ह म्हंजे राहणं, जगणं. ते आखूड म्हण. लीव्ह म्हंजे सोडून जाणं. ते लांब," साक्षीनं आईला पुन्हा सांगितलं.

"जाणारा लांब जातो म्हणून लांब," कौसल्याबाई म्हणाल्या. "राह्यलं बघ ध्यानात."

साक्षी हसली. हसणं भागच होतं. तिचा भाऊ मिथुन चेन्नईत अपघातात गेला त्याला आठवडा उलटून गेला होता आणि आईला अजून कशाचाच पत्ता नव्हता. कौसल्याबाईंच्या हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. धक्का बसला तर हातची जाईल बाई, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून मिथुन ट्रेनिंगला गेलाय, तिथं फोन चालत नाही, अशी थाप सगळ्यांनी मिळून ठोकलेली. परतूरच्या त्या गल्लीत एरवी कुणाच्या पोटात काही राहत नाही. पण या वेळी बायाबापड्यांनीसुद्धा तोंडाला कुलूप घातलं होतं.

वाटूरचा मामा, बद्रीनाथ, तेवढा भेटून गेला. बहिणीसाठी घरून पिठलं-भाकरी बांधून आणली होती.

"सहज आल्तो," म्हणाला आणि तिचं जेवण होईपर्यंत मान खाली घालून बसला. कौसल्याबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. एक घास घेतला, मग दुसरा. ऑपरेशन झाल्यापासून आई पहिल्यांदाच कुरकुर न करता जेवली, याचंच साक्षीला केवढं बरं वाटलं!

दुसऱ्या दिवशी कौसल्याबाईंनी इंग्रजीचा हट्ट धरला. सून लिन्सी केरळची. तिला ना मराठी येत होती ना हिंदी. आजवर दोघींच्या मध्ये मिथुन बोलायचा.

"आता मला मह्या तोंडानं बोलायचंय तिच्याशी. तू मधी नको."

"असं काय बोलायचंय पण?"

"हाये. हे दोन शब्द तेवढे पक्के करून दे. इकडचं तिकडं झालं तर पोरीचं वाटोळं व्हईल."

साक्षीला अंदाज होता. नोकरी सोडून परतूरला येते, आईंजवळच राहते, असा लिन्सीचा निरोप होता. तो साक्षीनंच आईला सांगितला होता. आता आई लाडानं 'राहायला ये' म्हणणार आणि ती बिचारी फोनवरच हंबरडा फोडणार. मग आईचं काय? साक्षीनं दोनदा फोनचा विषय टाळून पाहिला. पण आई ऐकेल तर शपथ.

रविवारी व्हिडिओ कॉल लागला. लिन्सीचा चेहरा पार उतरलेला होता. आईच्या मागं उभं राहून साक्षीनं ओठांवर बोट ठेवलं. लिन्सीनं कसंबसं हसून मान हलवली.

कौसल्याबाईंनी पदर सारखा केला.

"लिन्सी, डोन्ट कम. यू लीव्ह अस." त्या थांबल्या, मग आखूड, अगदी बरोबर म्हणाल्या, "यू लिव्ह."

"आई! काय बोलून राह्यलीस तू?"

"बराबर बोलले," कौसल्याबाई स्क्रीनवरच्या सुनेकडे बघत म्हणाल्या. "तुहा मामा कडू घास खाऊ घालून गेला मला. घरातलं माणूस गेल्यावर माहेरची पिठलं-भाकरी येती, हे मला कळत न्हाई व्हय गं?"