आठ पट्टे

शाळेच्या सहलीच्या मुक्कामी मी सकाळी साडेसहाला स्कूटर लावली, तेव्हा घाणेकर बाई अंगणात दात घासत होत्या.

"अहो, एवढ्या सकाळी चिपळूणहून आलात?"

"रेवाचे कॅलिपर बांधायला," मी म्हणालो.

रेवा जन्मली तेव्हा तिच्या पाठीच्या मणक्यांत फट होती आणि मज्जारज्जूचं आवरण फुग्यासारखं बाहेर आलं होतं. ऑपरेशनने फट मिटली, पाय मात्र अधू राहिले. कॅलिपरचे आठ पट्टे नीट आवळले, तरच माझी लेक उभी राहते. ते काम तिच्या आईचं होतं. आई गेल्यापासून, म्हणजे वर्षभर, माझं आहे. "सहलीत बाई बांधतील," असं रेवा म्हणाली होती, पण बाई इतिहास शिकवतात. एक पट्टा सैल राहिला तर पोर पडायची.

"बाबा, चहा घेणार?"

रेवा व्हरांड्यात उभी होती. मी खाली बसून एकेक पट्टा तपासला. आठही चोख, माझ्यापेक्षा बरे.

"बाईंनी बांधले?"

"मीच. आईने आजारपणात शिकवलं होतं."

"मग रोज सहाला मला कशाला उठवतेस?"

ती जरा ओशाळली. "आईच म्हणाली होती. बांधू दे त्यांना, नाहीतर अंथरुणातून उठायचे नाहीत."

मी चहा बशीत ओतला आणि सावकाश प्यालो.

"मग सोमवारपासून काय करायचं?"

"डावा पाय तुम्ही," रेवा म्हणाली, "उजवा मी."