ओरेस्टचा भोंगा

“ओरेस्ट, जरा प्रेमानं बघ त्या घड्याळाकडे! आमच्या पोरांना दोन श्वास तरी घेऊ दे की!” पाहुण्या संघाचा प्रशिक्षक डॉयल काचेवर थापा मारत ओरडला.

“तुझ्या पोरांचं काय घेऊन बसलास? माझ्या सख्ख्या आईलासुद्धा अर्धा सेकंद मिळायचा नाही,” ओरेस्ट हाव्रिलुक म्हणाला आणि सूर्यफुलाच्या बियांची टरफलं कागदी पेल्यात थुंकला.

शेजारी गोलांची नोंद करत बसलेली त्याची मुलगी लारिसा हसली. हे भांडण ती लहानपणापासून ऐकत आली होती. एल्क बेंड गावाच्या रिंकमध्ये, बर्फावरच्या हॉकीच्या मैदानात, सामन्याची वेळ ओरेस्ट सांभाळायचा. शून्य झालं की भोंगा आपोआप वाजायला हवा. पण घड्याळ आणि भोंगा जोडणारी तार कधीच जळून गेली होती. दुरुस्तीचा विषय निघाला की गाव म्हणे, राहू दे, ओरेस्टचा अंगठा आहे. तो घड्याळावर डोळा ठेवून हाताने बटण दाबायचा. इतर गावांत शेवटच्या सेकंदावरून मारामाऱ्या होत. इथे कधी झाली नाही.

लारिसा स्वतः तेरा वर्षांची असताना मुलांच्या संघात गोलरक्षक होती. अंतिम सामन्यात तिने एकही गोल होऊ दिला नव्हता. त्या सामन्याचा पक, ती काळी रबरी चकती, स्वयंपाकघराच्या खिडकीत अजून होती. पाहुणे त्या पकबद्दल विचारू लागले की ओरेस्ट चहाचं आधण ठेवायला उठायचा. लोक म्हणत, बापाला पोरीचं कौतुक सांगायलाही लाज वाटते.

त्या सामन्याबद्दल लारिसाला बापाशी एक गोष्ट बोलायची होती. चोवीस वर्षं ती बोलली नव्हती. बाप आता थकला होता. आज गाडीत, घरी जाताना, हसत हसत सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं होतं.

दुसरं सत्र संपलं. तिसऱ्याची वेळ घड्याळावर लागली. खेळाडू बाहेर आलेच नाहीत. रिंकची व्यवस्थापक व्हर्ना तेवढी फोन हातात धरून आली.

“लीगचा निरोप आहे. सगळे सामने थांबवा म्हणतात. त्या साथीमुळे.”

“बाद फेरीचा सामना, आणि मधूनच?”

“मधूनच. मला नको खाऊस, ओरेस्ट. मी नाही आणली साथ.”

लोक हळूहळू उठले. मागून कोणीतरी ओरडलं, “ओरेस्ट, निदान भोंगा तरी वाजव! रीतसर घरी जाऊ दे आम्हाला!”

ओरेस्टने बटणावरचा हात काढून खिशात घातला.

“घड्याळात वीस मिनिटं आहेत. खेळ संपलेला नाही.”

“बरं बाबा, राहू दे तसंच,” व्हर्ना म्हणाली. “दोन आठवड्यांनी इथूनच सुरू करू.”

गाडीत तो इतका घुश्शात होता की लारिसाने विषय काढला नाही. म्हटलं, पुढच्या सामन्याला.

दुसऱ्या दिवशी गावातल्या घरांमधून राहणारी खेळाडू पोरं बॅगा भरून आपापल्या गावी गेली. मग मोसमच रद्द झाल्याचं कळलं. एप्रिलच्या सुरुवातीला ओरेस्टला खोकला लागला. त्याला सास्काटूनच्या इस्पितळात नेलं. तिथे घरच्यांना प्रवेश नव्हता. नर्स फोन त्याच्या कानाशी धरायची.

“भोंगावाले ओरेस्टकाका ना? ओळखते की!” नर्स म्हणाली. “मी शेजारच्या गावचीच. आमचे लोक अजून तुमच्याशी हरलेल्या त्या अंतिम सामन्याबद्दल हळहळतात. बोला तुम्ही. त्यांना बोलता येत नाही, पण ऐकू येतंय.”

लारिसाने सांगितलं की अंगणातला बर्फ वितळतोय. मांजर त्याच्या खुर्चीत झोपतं. व्हर्नाने पिरोगी, त्या बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, करून पायरीवर ठेवल्या होत्या, जरा खारट झाल्यात. ती चोवीस वर्षांपूर्वीची गोष्ट तिच्या ओठांपर्यंत आली, पण नर्स फोन धरून उभी होती. ते तिसऱ्या कोणी ऐकून चालणार नव्हतं. त्याच आठवड्यात ओरेस्ट गेला.

दफनाला दहाच माणसांची परवानगी होती. बाकीचं गाव स्मशानाच्या रस्त्यावर दुतर्फा गाड्यांत बसून राहिलं. पाद्री म्हणाले, या माणसाने कोणाला एक सेकंद कमी दिला नाही की जास्त दिला नाही. शवपेटी खाली गेली तेव्हा सगळ्या गाड्यांचे भोंगे एकदम वाजले. लारिसा मान खाली घालून उभी होती.

महिनाअखेरीस व्हर्नाचा फोन आला. “उद्या बर्फ काढतोय. तुझ्या बापाची उशी आणि थर्मास तिथेच आहे. घेऊन जा, बाई. माझ्याच्याने हात लावला जात नाही.” थोड्या वेळाने व्हर्नाने येऊन रिंकची किल्ली पायरीवर ठेवली आणि गाडीतूनच हात केला.

रिंकमध्ये कोणी नव्हतं. बर्फ राखाडी पडला होता. घड्याळ कोणी बंदच केलं नव्हतं. वीस मिनिटं तशीच लाल चमकत होती. लारिसा बापाच्या उशीवर बसली. इथून डावीकडचा गोल स्पष्ट दिसत होता. त्या अंतिम सामन्यात, शेवटच्या क्षणी, ती तिथेच आडवी पडली होती. मागचं जाळं मोकळं होतं. समोरच्या पोराने काठी उचलली होती. काहीच करता येण्यासारखं नव्हतं, म्हणून तिने फक्त वर घड्याळाकडे पाहिलं होतं. तेवढ्यात भोंगा वाजला. पक जाळ्यात गेला, पण भोंग्यानंतर. पंचाने गोल धरला नाही.

तिने बटणावर अंगठा ठेवला आणि दाबून धरला. पत्र्याचं छप्पर थरथरलं. घड्याळात अजून वीस मिनिटं होती.

आवाज विरल्यावर ती मोठ्याने म्हणाली, “मी पाहिलं होतं, बाबा. एक सेकंद बाकी होता.”