बारा शब्दांचा उखाणा

जुना फोन विहिरीत पडला आणि दिगंबरची पुंजी बिटकॉइनच्या पाकिटात अडकली. ते नव्या फोनवर उघडायला परवलीचे बारा इंग्रजी शब्द हवे होते. “सरकार सगळं वाचतं,” म्हणून त्यानं ते लिहिले नव्हते. स्वतः विसरभोळा, म्हणून बायकोकडून पाठ करून घेतले होते.

“सिल्व्हर मून उगवला गार्डनच्या दारी, टायगर निघाला रिव्हरच्या पारी... पुढचं विसरले बाई!”

“शब्दांचा उखाणा केलास?”

“मग पाठ कसे राहणार? हळदीकुंकवाला घेतला. तहसीलदारीणबाईंनी शूटिंगही केलं.”

दिगंबर अनवाणीच तहसीलदारांकडे धावला. “साहेब, वहिनींकडचा तो व्हिडिओ...”

“व्हिडिओ कशाला? पाठच झालाय!” साहेबांनी अख्खा उखाणा सुरात म्हटला.

“जरा सावकाश, साहेब,” दिगंबर हात जोडून म्हणाला, “लिहून घेतो.”

साहेबांनी सरकारी शिक्क्याचा कागद पुढं सरकवला.