तेवढंच पुण्य

शिळ्या चीजवर नव्या तारखेची लेबलं चिकटवणाऱ्या कारखान्यावर धाड पडणार, हे निरीक्षकाने मालकाला आदल्या दिवशीच कळवलं होतं. सकाळी मोठ्या साहेबांसमोर त्याने गोदामाचा कोपरा न् कोपरा तपासला. औषधालाही डबा सापडला नाही.

"माल फेकलास कुठे?" त्याने हळूच मालकाला विचारलं.

"फेकतोय कशाला? वृद्धाश्रमाला दान केला. तेवढंच पुण्य!"

परतताना गाडीत साहेब शेजारीच बसले होते. निरीक्षकाला आईचा फोन आला.

"बाळा, आज आश्रमात चीज वाटलंय रे. जरा आंबूस वास येतोय. खाऊ ना?"

साहेबांचे कान इकडेच होते.



"खा गं आई, काही होत नाही."